कूळ सांग, मास्तर!

आत्याच्या गुडघ्याचं भलं होवो! तो ऐन भाताच्या दिवसांत आखडला नसता, तर त्या सकाळी मी तळ्याकाठी होडी धरून एकटी उभी राहिलेच नसते.

आमचा भात तळ्याच्या पाण्यातच उगवतो आणि तो एकट्यानं काढता येत नाही. एकानं उभं राहून लांब काठीनं होडी रेटायची, दुसऱ्यानं बसून लोंब्या आत वाकवायच्या आणि दाणे पाडायचे. सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या. होड्या भराभर पाण्यात शिरत होत्या आणि मी आपली बावळटासारखी बघत होते.

"जोडीदार हवाय?"

वळले. उंच, पाठीवर लांब वेणी, शर्टावर निळ्या रंगाचे डाग... आणि हसू असं, की मी आत्याच्या गुडघ्याला पार विसरले.

"होडी रेटता येते का?"

"येते की."

"शेवटची कधी रेटलीस?"

"लहानपणी... एकदा बुडवलीही होती."

"वा! मग चल. मला पोहता येतं."

तो लायल. आमच्या रिझर्वेशनच्या, म्हणजे आम्हा ओजिब्वे आदिवासींच्या राखीव वस्तीतल्या शाळेत नुकताच आलेला चित्रकलेचा मास्तर, विस्कॉन्सिनकडचा. माझी ओळख त्याला आधीच होती म्हणे.

"तू डेल्विना. मण्यांचे कानातले करतेस. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी तुझेच घालून येतात."

"आणि उरलेल्या?"

"त्या आईचे चोरून घालतात. तेही तुझेच."

मी लाजले. मी! आत्या म्हणते माझ्या जिभेला हाड नाही, आणि त्या घडीला मला माझी जीभच सापडेना.

होडी ढकलण्याआधी त्यानं खिशातून चंची काढली, चिमूटभर तंबाखू पाण्यावर सोडली आणि डोळे मिटून म्हणाला, "मिग्वेच." तळ्याचे आभार मानल्याशिवाय आम्ही एक दाणा घेत नाही. खरं तर मीही डोळे मिटायला हवे होते. पण मी पडले मण्यांचं काम करणारी, माणसाच्या आधी मला त्याचे मणी दिसतात. चंचीवर जुने, बारीक मणी... काय सुबक हात होता! आणि मधोमध लून पक्षी. काळापांढरा, लाल डोळ्याचा.



लून म्हणजे आमचं कूळ. एका कुळाची ती भावंडं, मग गावं शंभर कोस लांब का असेनात. मुलगा आवडला की आमच्याकडच्या पोरी आधी कूळ विचारतात आणि मग स्वप्नं बघतात. मी नेमकं उलटं केलं होतं.

"चल, भाऊ," मी म्हटलं. "ऊन चढतंय."

त्याची काठी जराशी थबकली... की मलाच तसं वाटलं?

पुढचे दिवस—काय सांगू! तो रेटायचा, मी दाणे पाडायची. एका काठीनं लोंब्या वाकवायच्या, दुसरी हलकेच त्यांच्यावरून फिरवायची, की दाणे सरसर होडीत.

"जरा जोरात झोडत का नाहीस?"

"पिकलेलं आपणहून येतं. कच्च्याला ओरबाडायचं नसतं."

"हे... भाताबद्दल ना?"

"मग कशाबद्दल, भाऊ?"

"नाही, सहज विचारलं."

एकदा त्याच्या मानेत कुसळं रुतली. "काढ ना," म्हणाला आणि पुढ्यात येऊन बसला. तळ्यावर बारीक भुरभुर सुरू झाली होती. मी एकेक कुसळ काढत होते आणि बोटं मेली थरथरत होती.

"थंडी वाजतेय?"

"हो—पावसानं." पाऊस कसला, पाण्याला टिकलीएवढी वलयंसुद्धा उठत नव्हती.

खरं सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते. आणि आत्या मात्र त्याची चंची बघून टाळ्या पिटत होती, "अगं, आपल्याच कुळाचा दिसतोय! तुला भावाची हौस होतीच की!" मेली ती हौस! मणी ओवायला बसले की सुई बोटात जायची. आणि तोही कोडंच. पोरांच्या चित्रांबद्दल तासभर बोलेल, पण "बाबा काय करतात?" म्हटलं की, "ट्रक चालवायचे," एवढंच म्हणून पाण्याकडे बघत बसायचा.

मग पहिल्या भाताचं जेवण आलं. समाजाच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. भात, हरणाचं मटण, ब्लूबेरी, पोरांचा दंगा. आमच्या तळ्यातून ज्यानं पहिल्यांदा भात काढला, त्यानं सगळ्यांपुढे उभं राहून नाव, गाव, कूळ सांगायचं आणि मोठ्यांच्या हातून घास घ्यायचा, अशी रीत. आत्या चमचा घेऊन तयार होती. मी वाढत होते. मनात म्हटलं, आता हा लून म्हणेल आणि विषय संपेल.

लायल उठला. चेहरा उतरलेला.

"मी लायल. विस्कॉन्सिनचा. आई ओजिब्वे..." आणि थांबला.

"कूळ सांग, मास्तर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आपल्यात कूळ बापाकडून येतं," तो हळूच म्हणाला. "माझा बाप गोरा आहे. त्यामुळे मला कूळच नव्हतं. ज्या आजोबांनी माझं नाव ठेवलं, त्यांनी मला गरुडाच्या कुळात घेतलं, बाप बाहेरचा असलेल्यांना तेच कूळ सामावून घेतं. ते स्वतः लून. ही चंची त्यांचीच. म्हणजे मी... दिलेल्या कुळाचा. कुणाला ते अर्धवट वाटत असेल तर—"

"गरुड?" मी किंचाळले. हातातला डाव खणकन खाली पडला. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

"गरुड ना? लून नाही ना? नक्की?"

"नक्की," तो गांगरला. "पण तू..."

"दिलेलं कूळ ते कूळच, बाळा," आत्यानं त्याच्या तोंडात घास घातला. "गरुडाचे पंख त्यासाठीच मोठे असतात. पण या पोरीला काय झालंय?"

आता गप्प बसले असते तर जन्मभर पस्तावले असते.

"आत्या, मी याला इतके दिवस भाऊ म्हणतेय. तो शब्द मी सगळ्यांसमोर परत घेते!"

काय हशा पिकला! म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली. लायलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तो मला बाहेर ओसरीवर घेऊन आला. "मला वाटलं, बापाचं तुला कळलंय... म्हणून भाऊ म्हणून लांब ठेवतेस."

"लांब? अरे वेड्या, तू मला पहिल्या दिवसापासून आवडतोस! तुझा बाप लून असता तर मी मेलेच होते."

तो माझा हात धरून उभा राहिला, डोळे भरलेले. मग म्हणाला, "लोकांनी मला बापाबद्दल खूप काही ऐकवलंय, डेल. असं कुणी नाही म्हणालं."

"फोन लाव त्यांना."

"आत्ता? आणि काय सांगू?"

"तू नको. मी सांगते."

त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून एक जाड, दमलेला आवाज आला, "हॅलो, कोण?"

"काका, मी डेल्विना. लायलच्या होडीतली. तुमचे आभार मानायला फोन केला."

"माझे?" ते बुचकळ्यात पडले. "कशाबद्दल, पोरी?"

"तुम्ही आमच्यातले नव्हतात, त्याबद्दल," मी म्हटलं. "आता होणार आहात."