चौदा मिनिटं गप्प

कृष्णराजपुरमचं रेल्वे फाटक बंद होतं आणि फाटकापाशी उभा असलेला एक उंच माणूस आपल्या मोटारसायकलशी मराठीत बोलत होता.

"आता नाटक करू नकोस. सगळे बघतायत."

सगळे म्हणजे दोन बैलगाड्या, एक दूधवाला आणि भाजीची पिशवी घेतलेली मी. बंगळूरमध्ये जन्म गेला तरी मराठी मी फक्त घरात ऐकलेली. रस्त्यावर, तीही एका यंत्राला उद्देशून... मला हसूच आलं.

तो वळला. कपाळावर काळ्या तेलाचा एक फराटा.

"तुम्हाला कळलं वाटतं?"

"मला कळलं," मी म्हणाले. "तिला कळलं की नाही ते माहीत नाही."

मालगाडी धडधडत निघून गेली. फाटक वर गेलं. त्यानं किक मारली आणि ती जुनी, लष्कराच्या लिलावातून आलेली अवजड गाडी एकदम सुरू झाली.

"वसाहतीतच जाताय ना? बसा मागे. सोडतो."

मी मान हलवली. फाटकापासून कारखान्याच्या वसाहतीपर्यंत निदान दहा ओळखीचे भेटले असते आणि अकराव्यानं ते अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं असतं. त्याला ते समजलं असावं. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि ते धूड ढकलत माझ्या बाजूनं चालू लागला... चांगला मैलभर.

"सुरू झालेली गाडी ढकलताय?" मी विचारलं.

"तिला व्यायाम हवाच आहे," तो म्हणाला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

त्याचं नाव त्रिविक्रम साठ्ये. सांगलीचा. आमच्याच टेलिफोनच्या कारखान्यात आराखडे काढायच्या विभागात नव्यानं लागलेला. मी हेमलता हुदलीकर. आमची मंडळी मूळची बेळगावकडची. मी रिले जुळवायच्या खात्यात होते. बोटभर उंचीच्या त्या यंत्रात नखाच्या टोकाएवढ्या धातूच्या टिकल्या असतात, समोरासमोर. त्या एकमेकींना टेकल्या की बोलणं पलीकडे जातं, नाही टेकल्या तर फोन मुका. दिवसभर डोळ्याला भिंग लावून त्या टिकल्या टेकतात की नाही हे बघणं, हे माझं काम.

हे एकोणीसशे बासष्टच्या फेब्रुवारीतलं. मग तो दिसतच राहिला. कँटीनच्या रांगेत, ग्रंथालयात, वसाहतीतल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला खुर्च्या लावताना. कन्नड त्याला येत नव्हतं, ते मी थोडंथोडं शिकवलं. दुकानात गेला की प्रत्येक गोष्ट तो 'स्वल्प' मागायचा. साखर स्वल्प, डाळ स्वल्प... एकदा स्वल्प न्हावीसुद्धा मागितला होता.

"हुदलीकरबाई, तुमच्याशी बोलायचं असेल तर काय म्हणू?"

"स्वल्प मातु," मी शिकवलं. थोडं बोलायचंय.

"आणि पुष्कळ बोलायचं असेल तर?"

मी हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. ते काही मी शिकवलं नाही.

जुलैत कारखान्यात सूचना लागली. जर्मनीत दोन वर्षांचं प्रशिक्षण, चार जागा. त्यानं अर्ज केला. मला सांगितलं तेव्हा तो इतका आनंदात होता, की मीही हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की हसताना माझा जबडा दुखत होता. आमच्यात काही ठरलेलं नव्हतं. तो काही बोलला नव्हता, मी काही बोलले नव्हते. अडवणार तरी कुठल्या हक्कानं?

मुलाखत ऑगस्टातल्या एका शनिवारी होती. शहरातल्या मुख्य कचेरीत, सकाळी साडेनऊला. आदल्या संध्याकाळी त्यानं खोलीपुढच्या अंगणात गोणपाट अंथरून गाडीची सगळी देखभाल स्वतः केली. तेल बदललं, साखळी धुतली, प्लग घासला, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कापडानं आतबाहेर पुसून काढलं. उद्या वाटेत दगा द्यायला नको म्हणून.

सकाळी आईनं माझ्या हाती वाटी दिली. "साठ्यांना दही-साखर देऊन ये. परक्या गावात आहे बिचारा, कोण देणार त्याच्या हातावर?"

मला त्या दिवशी रजा होती. मी गेले. भुरभुर पाऊस नुकताच थांबला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय आणि तो किक मारत होता. एकदा, दोनदा... दहादा. गाडी साधी खोकतसुद्धा नव्हती.

"काल तर ठीक होती," तो म्हणाला. "मीच सगळी साफ केली."

रस्त्यावरून साडेआठची बस गेली. पुढची साडेनऊला. कचेरी दहा मैल. त्यानं बसकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"होईल," तो म्हणाला. "देखभाल केल्यावर बिघडली, म्हणजे काल मी जे उघडलं त्यातच काहीतरी आहे."

ते बरोबर होतं. मी वाटी कट्ट्यावर ठेवली.

पेट्रोलचा नळ उघडा होता. कार्बुरेटरची कळ दाबली तर बोटावर पेट्रोल ठिबकलं. मग त्यानं प्लग काढला, वायरला जोडून इंजिनाच्या धातूवर टेकवून धरला.

"तुम्ही बघा. मी किक मारतो. निळी ठिणगी दिसली तर सांगा."

मी वाकून पाहिलं. "नाही."

"नीट बघा."

"नाही दिसत."

त्यानं पेटीतला नवा प्लग लावला. तरी नाही. टाय खांद्यावरून मागे टाकून तो चिखलातच गुडघ्यावर बसला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी तयार करणारा डबा. त्याचं छोटं झाकण उघडून त्यानं माझ्या हातात दिलं. आत दोन टिकल्या होत्या. इंजिन फिरलं की त्या उघडायच्या, मिटायच्या. माझ्या रिलेसारख्याच, फक्त जरा मोठ्या.

त्यानं टिकल्या उघडून मधे मापाची पातळ पट्टी सरकवली. "अंतर बरोबर. चकचकीत आहेत. काल कापडानं पुसल्या होत्या."

त्यानं इंजिन थोडं फिरवलं. टिकल्या मिटल्या. तेवढ्यात ढगाआडून ऊन आलं, तिरपं, नेमकं त्या डब्यात... आणि मला दिसलं.

टिकल्या मिटल्या नव्हत्या. मधे एक तंतू होता. कापडाचा. केसाहून बारीक. उघड्या असताना तो खालच्या टिकलीला चिकटून बसायचा, मिटताना मधे यायचा. खात्यात अशा शंभर टिकल्या मी रोज बघते. एक तंतू, आणि ठिणगी नाही.

मी तोंड उघडलं.

घड्याळात आठ पन्नास झाले होते. तो त्याच क्षणी म्हणाला, "ही संधी गेली तर पुढची तीन वर्षांनी."

मी तोंड मिटलं.

मी हे ठरवून केलं नाही. पण केलं नाही असंही म्हणता येणार नाही. त्यानं हात पुढे केला, मी त्याला झाकण परत दिलं. त्यानं ते बसवलं, स्क्रू आवळला. मी बघत राहिले.

मग त्यानं वायरचं टोक कापून नव्यानं जोडलं. किक. काही नाही. प्लग पुन्हा बदलला. काही नाही. शर्टावर हातांचे काळे ठसे उमटले. त्याच्याबरोबर राहणारा कल्लाप्पा फिटर पहिल्या पाळीला गेलेला, विचारायला दुसरं कोणी नाही. मनात एकच वाक्य फिरत होतं — अजून थोडा वेळ... मग आपोआपच उशीर होईल. मला काहीच करावं लागणार नाही.

"मॅग्नेटोच गेला बहुतेक," तो अखेर म्हणाला आणि चाकाला टेकून खाली बसला. चिडला नाही. नुसता हातांकडे बघत राहिला. "सांगलीला बाबांना कळवून बसलोय मी. त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं असेल."

मग माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. "दही तरी द्या. वाया कशाला घालवायचं."

ते हसू मला बघवलं नाही.

"झाकण उघडा," मी म्हणाले.

"कुठलं?"

"मॅग्नेटोचं. आणि एक कोरा कागद द्या. जाड, गुळगुळीत."

त्यानं खिशातलं मुलाखतीचं पाकीट काढलं. मी त्याची कड फाडली, टिकल्यांमध्ये सरकवली, टिकल्या मिटवल्या आणि हलकेच ओढली. कागदाच्या टोकावर तंतू आला. मी तो त्याच्यापुढे धरला.

"मारा किक."

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. आवाजानं कट्ट्यावरची वाटी थरथरली.

तो माझ्याकडे वळला. माझा हात धरणार होता, पण आपले काळे हात बघून थांबला. "हेमलता, तुम्ही... कसं दिसलं तुम्हाला?"

नऊ वाजून चार मिनिटं. आता गप्प बसले असते तर त्याला आयुष्यात कळलं नसतं. तो मला देवासारखं मानत राहिला असता.

"मला आत्ता नाही दिसलं," मी इंजिनाच्या आवाजावर म्हणाले. "आठ पन्नासलाच दिसलं होतं. मी बोलले नाही."

"का?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एका जागी थांबलं. तो काहीतरी बोलणार होता.

"आता जा," मी म्हणाले. "बोलत बसलात तर खरंच उशीर होईल."

तो गेला. दही तसंच राहिलं.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. आईनं तांदूळ निवडायला दिले, मी खडे ताटात ठेवून तांदूळ टाकत होते. तो पोचला असेल का, याची भीती होती. पोचला नसेल तर माझ्यामुळे. पोचला असेल तर तो जाणार. आणि दोन्हीपेक्षा वाईट म्हणजे, तो पुन्हा माझ्याशी कधी बोलणारच नाही.

चार वाजता गाडीचा आवाज आला. आमच्या फाटकापाशी थांबला. अण्णा आत पेपर वाचत होते. मी बाहेर गेले, पण फाटक उघडलं नाही. दोघांच्या मधे ते बरं होतं.

"पोचलात?"

"नऊ चाळीसला. माझं नाव पुकारून झालं होतं." त्याचा आवाज कोरडा होता. "बाहेर बसून राहिलो. सगळ्यांचं झाल्यावर बारा वाजता त्यांनी बोलावलं. शर्ट बघून विचारलं, हे काय? मी तंतूचं सांगितलं."

"सगळं?"

"त्यांच्यात एक जर्मन होता. त्यानं विचारलं, कोणी शोधलं? मी म्हणालो, आमच्याकडे रिले जुळवणाऱ्या एक बाई आहेत. तो म्हणाला, मग त्यांना का नाही पाठवत?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"चौदा मिनिटांचं नाही सांगितलं," तो म्हणाला. "ती माझी आहेत. ती कुणाला का सांगू?"

"राग आला?"

"जाताना वाटेतल्या हलसूरच्या तळ्यापर्यंत खूप आला. वाटलं, परत जाऊन विचारावं, तुम्हाला कोणी अधिकार दिला? राग अजूनही आहे थोडा. खोटं कशाला बोलू?"

"असू दे," मी म्हणाले. "यायलाच हवा."

"पण मग तळ्याच्या पुढे एक गोष्ट लक्षात आली. सहा महिने मी रोज काहीतरी बोलायचं ठरवून घरी परत येतो. तुम्ही एका वाक्यात बोलून मोकळ्या झालात. तेसुद्धा गाडी सुरू असताना, ओरडून."

फाटकाच्या गजावर त्याचा हात होता. नखांत काळं तेल.

"निवड झाली तर दोन वर्षं गाडी अशीच उभी राहील," तो खाली बघत म्हणाला. "आठवड्यातून एकदा सुरू करावी लागेल. तुम्ही कराल का?"

"गाडी कल्लाप्पा सुरू करेल. मला जे विचारायचंय ते विचारा."

तो पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून म्हणाला, "थांबशील?"

निवडीचं पत्र एकवीस दिवसांनी आलं, साखरपुडा झाला आणि त्यानंतर नवव्या दिवशी मद्रासच्या गाडीत त्याला बसवताना मी एकदाही रडले नाही. घरी येऊन मात्र रडले. पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त तो उत्तराची वाट बघत होता, आणि मधे बंद फाटक होतं.

"थांबेन," मी म्हणाले.

आतून अण्णांचा आवाज आला. "कोण आहे गं बाहेर?"

त्याचा हात गजावरून सुटला. तो घाईनं कुजबुजला, "सांग, पुस्तक परत करायला आलोय."

मी त्याच्याकडे पाहिलं. मळलेला शर्ट, सैल झालेला टाय, कानावर तेल. सकाळी मी एकदा गप्प बसले होते. आता नाही.

"साठ्ये आलेत, अण्णा," मी मोठ्यानं म्हणाले. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतायत."

आणि मी फाटक उघडलं.