काकांचं खालचं रान

इंधनाच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रकवरून मक्याचं एक पोतं निसटलं आणि फुटलं, ते नेमकं बेकरीच्या दारात. नुकतीच एक सर येऊन गेली होती. ओल्या रस्त्यावर पिवळे दाणे चहूकडे पळाले. बेकरीवालीनं दारातून ते पाहिलं, आत जाऊन सुपडी आणली आणि खुशाल दाणे भरायला बसली.

ट्रकमधून उतरलेला तरुण धावत आला. "अहो... तो कारखान्याचा माल आहे."

"आणि दार माझं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचा कारखाना आल्यापासून बाजारात मका दिसेनासा झालाय. आज आपल्या पायांनी घरी आला, तर परत कसा धाडू?"

त्याला हसू आवरेना. तो कारखान्याचा खरेदीवाला होता. गावोगाव फिरून मका घ्यायचा. कारखान्यात त्याचं गाड्यांसाठी इथेनॉल व्हायचं. तोही खाली बसला आणि चक्क तिच्याच सुपडीत दाणे लोटू लागला. बोटाला बोट लागलं — आणि दोघांनीही हात जरा जास्तच घाईनं मागे घेतले.

त्यानंतर तो रोज सकाळी मक्याचा पाव घ्यायला यायला लागला.

"पाव जरा आखडलाय," एकदा तो म्हणाला.

"पाव नाही, माझा हात आखडलाय. तुमच्या गाड्या मका प्यायला लागल्या आणि पिठाचा भाव आभाळाला भिडला. समोरच्या आजी आता अर्धाच पाव नेतात."

तो गंभीर झाला. "पण शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे ते चार पैसे..."

"ठाऊक आहे. माझ्याच काकांनी त्यातून नवं छप्पर घातलं. म्हणून तर तुमच्यावर धड चिडताही येत नाही."

"चिडा की. चिडल्यावर तुम्ही इतक्या —" तो अडखळला.

"इतकी काय?"

"...सुट्टे आहेत का?"

ती दिवसभर भट्टीसमोर एकटीच हसत होती.

सुट्टीच्या दिवशी मात्र तिचं हसू मावळलं. ती काकांकडे शेतावर गेली होती. आईवडिलांमागे काकांनीच तिला वाढवलं होतं. वरचं त्यांचं माळरान खडकाळ, पण खालचं रान काळंभोर. तिथल्याच गव्हावर तिची बेकरी चालायची. आता काका म्हणत होते, सगळीच जमीन कारखान्याच्या मक्याला देऊन टाकतो. बोलून बोलून तिच्या तोंडाला फेस आला, पण काका ढिम्म. तेवढ्यात करार घेऊन खरेदीवाला दारात उभा. तिला पाहून त्याचा 'नमस्कार' अर्धाच राहिला.

काकांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. "एक सांगा. जमीन तुमची असती, तर काय केलं असतं?"

आत चहा गाळता गाळता तिचा हात थांबला.

"वरचं माळरान दिलं असतं," तो अखेर म्हणाला. "मका तिथेही बऱ्यापैकी येईल. खालच्या रानाला... हात लावला नसता. सगळ्यांनीच गहू मोडला, तर उद्या तुम्हालाच तो महाग घ्यावा लागेल."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी खालचं रान खोडलं आणि उरलेल्यावर सही ठोकली.

ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. ओल्या मातीचा वास सुटला होता, बारीक थेंबही पडू लागले होते.

"साहेब बोलतील ना तुम्हाला?"

"बोलतील. ऐकून घेईन."

"माझ्यासाठी केलंत?"

"नाही. विचारलं त्यांनी, खरं ते सांगितलं." तो फाटकाची कडी उगाचच उघडझाप करत होता. "तुमच्यासाठी बोलायचं असतं, तर... वेगळंच काहीतरी बोललो असतो."

"मग बोला."

"इथे? काका खिडकीत उभे आहेत."

"ते मघापासून उभे आहेत. त्यांचा चहासुद्धा संपला."

त्यानं दीर्घ श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. चिडलेल्या, न चिडलेल्या... कशाही. लग्नाचं विचारू का?"

तिनं पदराआड हसू लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"विचार ना," ती हळूच म्हणाली.

त्या 'तू'नं तो इतका गोंधळला, की विचारायचंच विसरला. शेवटी खिडकीतून काकांनीच हाक मारली, "अहो जावईबापू, आत या. बाहेर भिजाल."