वर्गाला दोघं लागतात

"एका माणसाचा वर्ग होत नाही," अत्तार सर म्हणाले आणि त्यांनी चहाच्या कपावर बशी उपडी घातली. चर्चा संपली, असा त्याचा अर्थ होता. वर्गीकरण केंद्रात तो सगळ्यांना ठाऊक होता.

अन्विता पेंडसेलाही होता. तरी ती खुर्ची ओढून बसलीच. हट्टी बाई! २०६१च्या जनगणनेत माणसांचे व्यवसाय वर्गवार लावणारा 'वर्गक' नावाचा संगणक तिनं आणि सरांनी मिळून घडवला होता. त्यामुळे सरांशी भांडायचा हक्क तिला होता आणि तो ती मनापासून बजावायची.

जनगणनेत आता 'आपण काय करता?' असं विचारत नाहीत. विचारलं की लोक भलतंच सांगतात. बेकार स्वतःला उद्योजक म्हणवतो आणि दिवसभर राबणारी बाई 'काही नाही, घरीच असते' म्हणून मोकळी होते. म्हणून गणक माणसाच्या डोक्यावर एक पातळ टोपी ठेवतो. हात हलायच्या आधी मेंदूत त्याची तयारी होते. तेच काम वर्षानुवर्षं केलं की त्या तयारीचा ताल मेंदूत कायमचा बसतो. हा झाला श्रमठसा. टोपी तो वाचते आणि ज्यांचे ठसे जुळतात त्यांना वर्गक एका वर्गात घालतो.

सुरुवातीला एक गंमत झाली होती. दोन हमालांनी मिळून कपाटं वाहण्यात जन्म घातलेला. पुढचा उलटा चालायचा, मागचा सुलटा. सरांनी पैज लावली की दोन वर्ग पडणार. पडला एकच. वर्गक हातपाय बघतच नाही, ताल बघतो, आणि कपाट एक म्हटल्यावर ताल एकच. सर पैज हरले आणि खूश झाले.

आज मात्र ते खूश नव्हते.

"रोहिणी मगदूम, इचलकरंजी," अन्विता म्हणाली. "इतका खोल ठसा मी पाहिलेला नाही. आणि तुम्ही तिला वर्गहीन लिहिताय?"

"वर्गक लिहितोय, मी नाही. परिचारिकांशी ताडून बघितलंस ना? परिचारिकेचे रुग्ण बदलतात, तिचा ताल सैल असतो. ह्या बाईंचा ताल एकाच देहाला बांधलेला आहे. त्याच्याशी जुळणारं दुसरं माणूस देशात नाही. मग ते काम की नुसती सवय, हे ठरवायचं कशावरून?"

"अहो, नवरा मानेखाली लुळा आहे तिचा! ती त्याचं सगळं करते."

"ते मला कळत नाही का?" सरांचा आवाज उतरला. "पण घरात मान्य वर्गाचा शुश्रूषक नसेल, तर अवलंबित रुग्णाला सरकारी शुश्रूषा-सदनात हलवायचं असा कायदा आहे. सोमवारी गाडी येणार. सदन चांगलं आहे, अन्विता. उचलायला यंत्रं आहेत."

"आणि बाई?"

"बाई भेटायला जाऊ शकतात," सर खिडकीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अन्विता स्वतःच टोपी घेऊन इचलकरंजीला गेली. ठसा पुन्हा घ्यावा, कुठे चूक असेल तर सापडेल, एवढाच तिचा विचार होता.

"परत टोपी?" दारातच रोहिणीबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यात काय बिघाड झालाय व्हय?" साठी ओलांडलेली बारीक चणीची बाई. खिडकीपाशी पलंगावर धनपाल मगदूम निजलेले. चांगला धिप्पाड माणूस. कारखान्याचा पत्रा बसवताना वरून पडले, त्याला आता चौदा वर्षं झाली. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट येत होता.

"दिवसभर काय काय करता?" अन्वितानं विचारलं.

"काय करायचंय? ह्यांचंच करते. दर दोन तासाला कूस बदलायची, न्हाईतर पाठीला जखमा होत्यात. थांबा, आता वेळ झालीच." बाईंनी नवऱ्याच्या खांद्याखाली हात घातला. "हं, चला मगदूम. लई लोळून झालं."

एका दमात कूस बदलली. एवढा मोठा देह, पण बाईंना धापसुद्धा लागली नाही. मग त्या सरबत करायला आत गेल्या.

धनपाल हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तिला सांगू नका, पर न्या मला सोमवारी. तिची सुटका होऊ द्या. मी काय, नुसतं ओझं."

अन्विता पलंगाजवळ सरकली.

"तिनं 'हं' म्हटलं की मी मनातल्या मनात जोर लावतो बघा," ते कसंनुसं हसले. "खुळ्यासारखा. खांदा उचलतो, कंबर वळवतो. हलत काय बी न्हाई. पर तिनं एकटीनं उचलायचं आणि आपण नुसतं पडून ऱ्हायचं, बरं वाटत न्हाई हो."

"दर वेळी?"

"चौदा वर्षं झाली."

अन्विता उभीच राहिली. अंथरुणाला खिळलेल्याला टोपी घालायची नाही, हा केंद्राचा दंडक होता. कोरा ठसा दाखवून कुणाला कशाला दुखवा, म्हणून दयेपोटी घातलेला. पलंग दिसला की गणक 'अवलंबित' लिहायचा आणि पुढच्या घरी जायचा. देशभर हेच चाललं होतं, आणि एकाही शहाण्याला शंका आली नव्हती!

तिनं टोपी धनपालांच्या डोक्यावर ठेवली. मग केंद्राला फोन लावला.

"सर, ठसा पाठवलाय. वर्गकाला लावा."

सरबताचे पेले घेऊन रोहिणीबाई बाहेर आल्या आणि टोपी बघून थबकल्या.

"जुळला," सर म्हणाले. "रोहिणीबाईंशी. ताल तोच. कपाट उचलणारे दोघं हमाल, अन्विता. तसेच. नवीन वर्ग पडलाय, दोन माणसांचा." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "अगं, पण मग शुश्रूषक कोण आणि रुग्ण कोण? मान्य वर्गात आले म्हणजे धनपाल मगदूम अवलंबित नाहीतच. कामावर आहेत ते! सदनात अवलंबितांनाच नेतात. त्या घरात आता अवलंबित कुणीच नाही. गाडी येणार कुणासाठी?"

फोन मोठ्यानं चालू होता. दोघांनीही ऐकलं.

"म्हंजे हे काम करतात?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याइतकंच. तेच काम," अन्विता म्हणाली.

धनपालांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून उशीवर गेलं. पुसायला हात हलत नव्हता. बाईंनी पेले खाली ठेवले आणि पदरानं पुसलं.

"आता रडायला काय झालं?" त्यांचाही आवाज भरून आला होता. "मला रोजच वाटायचं. न्हाईतर एवढा जड माणूस माझ्या एकटीच्यानं हलला असता व्हय?"

"अजून एक राहिलंय," फोनवरून सर चाचरत म्हणाले. "वर्गाला नाव द्यावं लागतं. ते त्या वर्गातल्या माणसांनीच द्यायचं असतं. कामाला काय म्हणता तुम्ही?"

रोहिणीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते विचारात पडले, मग म्हणाले, "कूस बदलणं. दुसरं काय?"

तसं नोंदवलं गेलं. त्या आठवड्यात अत्तार सरांनी दंडक रद्द केला, आणि गणक पुन्हा घरोघर फिरून पलंगापाशीही पिशवीतून टोपी काढू लागले. महिन्याभरात असे दोन-दोन माणसांचे इतके वर्ग पडले की वर्गक मोजता मोजता दमला, आणि त्यांतली निम्मी माणसं आडवी होती.