बाकावरची नववी चढाईपटू

चंद्रावरच्या कबड्डीत एक कोडं पडलं होतं. 'अजिंक्य' संघ सलग एकतीस सामने जिंकला, आणि एकतिसाव्या सामन्याला दोन हजार खुर्च्यांच्या घुमटात प्रेक्षक होते फक्त चौसष्ट! त्यातले चाळीस तर संघाचे पगारी नोकरच. इतका चांगला संघ, मग बघायला कुणी का येईना?

मला मात्र कोड्यापेक्षा रागच जास्त आला होता. माझी रेवतीताई त्याच संघात होती. होती म्हणजे बाकावर होती. चंद्रावर आपलं वजन एक षष्ठांश (सहावा हिस्सा) भरतं, म्हणून इथे कबड्डी शिशाचे बूट घालून खेळतात. तसले जड बूट घालूनही ताई सात जणींच्या तावडीतून सुळकन निसटून मध्यरेषेवर परत यायची. पण अजिंक्यचे मालक शशांकराव यांनी चंद्रावरच्या चांगल्या चढाईपटू, नऊच्या नऊ, स्वतःकडे घेतल्या. चढाईला लागतात तीन. उरलेल्या सहा कशाला? तर दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून! ताईला सगळ्यांत शेवटी घेतलं, म्हणून ती नववी. तीन वर्षं ती नुसती बाक झिजवत होती.

आता तर शशांकरावांनी आमच्या खोलदरी वसाहतीचा संघच बंद करायचा प्रस्ताव आणला होता. का, तर म्हणे आम्ही सारखे हरतो! आमचे खेळाडू पळवायचे आणि वर आम्हालाच नावं ठेवायची. संघ बंद झाला, तर ताईला परत यायला जागाच उरणार नव्हती.

मी तणतणत हिशेबेंकडे गेले. हिशेबे म्हणजे आमच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवणारा यंत्रमानव. त्यांचं खरं नाव इतकं लांबलचक आहे, की आम्हीच हे ठेवलं.

"हिशेबे, शशांकराव दुष्ट आहेत!"

"असतील," ते शांतपणे म्हणाले. "पण त्यांना स्वतःचा धंदाही कळलेला नाही. मला सांग कस्तुरी, आपल्याकडे दोन बेकऱ्या आहेत. एक बंद पडली तर दुसरीचं काय होईल?"

"तिचा पाव जास्त खपेल."

"बरोबर. आता कबड्डीचे बाकीचे सगळे संघ बंद पडले, तर अजिंक्य संघ काय विकेल?"

मी 'सामने' म्हणणारच होते. पण एकटा संघ खेळणार कुणाशी?

"सामना ही संयुक्त वस्तू आहे (दोघांनी मिळूनच तयार होणारी). बेकरीवाल्याला प्रतिस्पर्धी नकोसा असतो. संघमालकाला तो हवाच, आणि तोही तोडीस तोड हवा. कारण लोक तिकीट काढतात ते निकालाच्या अनिश्चिततेसाठी (कोण जिंकणार हे आधी ठाऊक नसण्यासाठी)."

त्यांनी छातीवरच्या पडद्यावर जुने सामने दाखवले. दोन्ही संघांना सारखी संधी होती, तिथे घुमट गच्च भरलेला. दहातले नऊ सामने अजिंक्यच जिंकणार, तिथे खुर्च्या ओस.

"याला स्पर्धेचा समतोल म्हणतात (संघ साधारण तुल्यबळ असणं). तो टिकवायला तज्ज्ञांनी केवढे मोठमोठे नियम..."

"नियम कशाला?" मी मध्येच म्हणाले. "आम्ही बोगद्यात खेळताना भिडू वाटून घेतो की! सारख्या ताकदीचे दोघं जोडी करतात, बाजूला जाऊन गुपचूप नावं घेतात आणि गळ्यात हात टाकून कप्तानांपुढे येतात. कुणी घ्या खजूर, कुणी घ्या चिंच! खजूर कोण हे कप्तानाला माहीतच नसतं. एक जण इकडे जातो, एक तिकडे."

हिशेबेंचे दिवे भराभर मिचकले. "हे माझ्या एकाही ग्रंथात नाही," ते म्हणाले. जरा दुखावलेच असावेत.

संघ बंद करायच्या प्रस्तावावर बैठक भरली, तेव्हा हिशेबे मलाही घेऊन गेले. तिथे चंद्रावरच्या सहाही संघांचे मालक आणि खेळाडू जमले होते. मी उठून आमची भिडू वाटायची पद्धत सांगितली, तसे शशांकराव हसले. "बाळ, हा काय पोरखेळ वाटला? पैसा माझा, खेळाडू माझे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग काका, सामनेही तुमचे तुम्हीच खेळा! चौसष्ट जण बघायला येतील, त्यातले चाळीस तुमचेच!"

मग मागच्या रांगेतून ताई उठली आणि तिने अजिंक्यच्या पहिल्या क्रमांकाच्या चढाईपटूच्या गळ्यात हात टाकला. ते पाहून दुसरी जोडी उठली, मग तिसरी. बघता बघता सभागृहभर जोड्या उभ्या राहिल्या. पाच मालकांनी एका हंगामापुरता होकार दिला, आणि पाचांपुढे शशांकराव एकटे पडले.

ताईची जोडी गुपचूप नावं ठरवून शशांकराव आणि आमच्या खोलदरीच्या मालकांपुढे आली. "कुणी घ्या उल्का, कुणी घ्या धूमकेतू?" ताईने विचारलं.

"धूमकेतू," शशांकराव धुसफुसत म्हणाले.

ताई उल्का होती. ती आमच्याकडे आली.

पहिलाच सामना अजिंक्यशी झाला आणि आम्ही हरलो, पण एका गुणाने, तेही शेवटच्या चढाईत! खुर्च्या भरून लोक पायऱ्यांवर बसले होते. शशांकराव तिकीटखिडकीपाशी खुशीत उभे होते. मला त्यांचा अजूनही राग येतो. हिशेबे म्हणतात, मंगळावरच्या वसाहतींनाही ही पद्धत कळवायला हवी. कळवा की.

ताई घरी आली तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदाच तिचे दोन्ही गुडघे फुटले होते, आणि ती ते आईला पुन्हा पुन्हा दाखवत होती.