खुराड्याची तार

ते मोबाईल आधी खिशात घाला, नाहीतर मी चाललो झोपायला. आणि मध्येच कोणी "काका, खरंच का?" असं विचारायचं नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय हे. तो थापा मारणाऱ्यातला नाही, त्याला मुळात बोलायचाच कंटाळा.

गेल्या नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी साडेसातला तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदार शटर ओढायच्या बेतात होता. हा म्हणाला, "दोन मीटर जाड जाळी दे. आणि एक कडी."

"काय वेल्डर, तुम्ही आणि कडी विकत घेताय?" दुकानदार हसला. मग त्याला आठवलं, आणि त्याने हसू आवरलं. पैसेसुद्धा नंतर द्या म्हणाला.

आता ऐका, का ते. अर्ध्या गावाची फाटकं माझ्या या मित्राच्या हातची. पण परसातल्या स्वतःच्या खुराड्याला कडी लावायला सहा वर्षं त्याला मुहूर्त मिळाला नव्हता. रोजचं तेच, "उद्या लावतो." मग वहिनी, म्हणजे त्याची बायको, रोज संध्याकाळी अकरा कोंबड्या आत घ्यायची आणि दाराला तार पिळायची. वहिनी डावखुरी, त्यामुळे तिचा पीळ उलटा. सकाळी हा अर्धवट झोपेत अंडी काढायला जायचा, सवयीने डावीकडे फिरवायचा, की तार सुटायच्या ऐवजी आवळायची आणि कट्‌कन तुटायची.

"अगं, तुझं सगळं उलटंच!" हा ओरडायचा.

"कडी लावा, म्हणजे माझी तार सुटेल एकदाची," ती आतून म्हणायची.

पण तारेची टोकं ती न चुकता आत दुमडायची. का, तर सकाळी याच्या बोटाला लागू नये. याने कधी दुमडली नाहीत. तेवढा धीर कुठला!

सप्टेंबरात वहिनी दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी संध्याकाळी तीच याच्या मागे लागली. "जा हो, अंधार पडेल. कोंबड्या आत घ्या, तार नीट बांधा. मी कुठे पळून जातेय का?" हा गेला. कोंबड्या आत घेतल्या, तार बांधली, तसाच उलट्या पावली निघाला. पोचला तेव्हा तिच्या पलंगावर नवी चादर घालत होते.

"कोंबड्यांसाठी गेलो रे," एवढंच तो मला म्हणाला. महिनाभर एवढंच.

त्याला त्या कोंबड्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. एका रात्री तार बांधायची राहिली. राहिली की त्याने ठेवली, मी विचारलं नाही. सकाळी चार गेलेल्या, नुसती पिसं. रानमांजर होतं. एकदा चटक लागली की ते थोडंच थांबतंय? मग मात्र हा जागा झाला. दगड रचले, पत्रा ठोकला. ते खालून उकरून यायचं. दीड महिन्यात दहा कोंबड्या संपल्या. उरली एक, लंगडी. वहिनीने बुटांच्या खोक्यात, बल्बखाली ठेवून जगवलेली. घरात वहिनीच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. ती गेली असती तर हा माणूस उभा राहिला नसता, माझ्याकडून लिहून घ्या.

म्हणून ती जाळी, म्हणून ती कडी.

घरी येऊन त्याने खुराड्याच्या खाली जाळी पुरली, कडेने वेल्ड केली. रात्री दहाला कडी हातात घेतली आणि वीज गेली. त्याने कपाळावर हात मारला. शेवटी तारच बांधली. आपल्या पद्धतीने, उजवा पीळ, टोकं तशीच बाहेर. लोखंडी गज घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला. परस तिथून दहा पावलांवर. बाहेर मिट्ट काळोख.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाळी खरवडल्याचा आवाज आला. हा गज घेऊन उठला.

आणि आवाज थांबला.

गुरगुर झाली. लगेच काहीतरी पळालं. कुंपणावरून, धप्प. कशाला घाबरून पळालं? हा तर अजून घरातच होता.

मग लंगडी बोलली. ओरडली नाही. कोंबड्या झोपायला आत जाताना हळू कुरकुरतात ना, तसं. वहिनी आत घ्यायची तेव्हा करायची, तसं. दोन महिन्यांत तो आवाज त्याने ऐकला नव्हता.

मग तार वाजली.

कर्र...

थांबली.

कर्र...

कोणीतरी पीळ देत होतं. सावकाश. एकेक.

त्याचा हात दाराच्या कडीवर होता. दार त्याने उघडलं नाही. मी नंतर चिडून म्हणालो, "अरे गाढवा, एवढा घाबरलास?" तर म्हणाला, "भुताला नाही रे. दार उघडलं आणि तिथे कोणीच नसलं तर... त्याला घाबरलो."

तो दाराला डोकं टेकवून उभा राहिला.

"आलीस?"

काही नाही.

"मी त्या दिवशी लवकर निघालो होतो गं. बसच मिळाली नाही..."





उजाडल्यावर तो परसात गेला. दार बंद. लंगडी आत, ठणठणीत. आपलीच तार म्हणून त्याने सोडायला डावीकडे फिरवली. ती आवळली. पुन्हा फिरवली.

कट्‌कन तुटली.

सात वाजता मी पोचलो, तेव्हा तो तिथेच मातीत बसलेला. लहान मुलासारखा हमसून रडत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी आपला समजूत घालायला गेलो. "अरे, झोपेत तूच उलटी पिळली असशील. दोन महिने नीट झोपलायस कुठे?"

त्याने तुटलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि आपला उजवा हात पुढे केला. बोटांवर तारेचे ओरखडेच ओरखडे होते, सप्टेंबरपासूनचे, रोजचे.

मी तुकड्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. कुठेही टोचलं नाही. टोक आत दुमडलेलं होतं.