न मोडलेली नळी

गुरुवार, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. रेल्वे दुरुस्ती कारखान्याची तीन नंबरची शेड. दाराशी एक पहारेकरी, आत अपघातातले दोन डबे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते कापून भंगारात जायचे होते.

कानसेन शेडपाशी आला तेव्हा त्याच्या हातात लांब दांड्याची हातोडी होती, वरच्या खिशात खडूची नवी कांडी आणि विजारीच्या खिशात चार ओळींचा एक कागद. काम दहा मिनिटांचं. तरी सकाळपासून तो तीनदा निघून तीनदा माघारी फिरला होता. एकदा पाणी प्यायला, एकदा चष्मा पुसायला आणि एकदा कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कानसेन हे नाव त्याला कारखान्याने दिलं होतं. तीस वर्षं तो गाडीची चाकं हातोडीने वाजवून तपासत आला. खणखणीत ‘टण्ण’ आलं की चाक धड, बसका ‘थप्’ आला की कुठेतरी तडा. केसाएवढा तडाही त्याच्या कानातून सुटायचा नाही. मग वय झालं, गुडघे बोलायला लागले, आणि त्याला सावलीतलं काम मिळालं: नळ्या तपासायचं.

डब्याच्या दोन्ही टोकांना पोलादी दात असतात. दोन गाड्या आदळल्या तर एका डब्याचे दात दुसऱ्याच्या दातांत रुतावेत आणि कोणताच डबा दुसऱ्याच्या अंगावर चढू नये, ही त्यामागची योजना. दातांच्या मागे हातभर लांबीच्या बंद पोलादी नळ्या असतात, त्या धक्का झेलतात. प्रत्येक खेपेतल्या काही नळ्या प्रेसखाली, म्हणजे दाबयंत्राखाली, दाबून बघायच्या आणि मगच ती खेप डब्यांना लावायची, असा लेखी नियम. पण प्रेस अकरा महिने बंद होता. प्रेसवाल्याने दुरुस्तीसाठी चौदा पत्रं पाठवली. चौदाही पोहोचल्याच्या सह्या आहेत, उत्तर एकाचंही नाही.

“तुमचे कान आहेत ना?” मोठे साहेब कानसेनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते. “मग प्रेस हवाय कशाला?”

माणूस स्तुतीला भुलतो. कानसेनही भुलला. अकरा महिने तो नळ्या वाजवत राहिला. टण्ण वाजली की खडूने गोल, थप् वाजली की फुली. गोलवाल्या डब्यांना लागल्या, फुलीवाल्या परत गेल्या. कागदावर मात्र प्रत्येक खेपेपुढे ‘प्रेसखाली तपासली’ असंच लिहिलं गेलं आणि खाली त्याने सही केली.

मग तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी आठ वीसला, एक गाडी स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीवर मागून आदळली. तिचा पहिला डबा समोरच्या शेवटच्या डब्यावर चढला आणि पेटीत पेटी सारावी तसा आत घुसला. एकोणीस प्रवासी गेले. विसावा माणूस मागच्या गाडीचा चालक. तो कानसेनच्या अक्काचा नवरा.

मोठ्या साहेबांचं गणित सरळ होतं. ताशी तीसच्या वेगाला दात डबा चढूच देत नाहीत. नळ्या तपासलेल्या होत्या, धड होत्या. तरी डबा चढला, म्हणजे वेग सत्तरच्या वर असणार. म्हणजे दोष चालकाचा. गणिताला फक्त शेवटची एक सही हवी होती: ‘अपघातानंतर नळ्या पुन्हा वाजवून पाहिल्या, त्या निर्दोष आहेत.’ कागद तयार होता. सही करायला कानसेनला धाडलं होतं.

आदल्या संध्याकाळी तो अक्काकडे गेला होता. तिने चहा टाकला आणि गाळायचा विसरली.

“बाळ्या,” ती म्हणाली. बावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी आता ती एकटीच उरली होती. “तू सही केलीस की ह्यांचा वेग सत्तर होणार ना?”

“मी वेगाबद्दल काही लिहीत नाही, अक्का. नळ्या धड होत्या, एवढंच.”

“तेच विचारतेय मी. आठ महिन्यांनी रिटायर होणार होते. चौतीस वर्षांत एक मेमो नाही. कालपासून शेजारीण माझ्याशी बोलत नाही, माहितीये? खुन्याची बायको झालेय मी.”

“नळ्या धड होत्याच गं. मी स्वतः वाजवल्यात.”

“मग कर सही,” अक्का म्हणाली आणि थंड चहा मोरीत ओतून आली.

शेडच्या दाराशी पहारेकरी स्टुलावर बसून पायाने पाय खाजवत होता.

“आत कोणी आहे का?” कानसेनने विचारलं.

“असायला नको.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी इथे बाहेर बसतो, साहेब. पगार बाहेर बसायचाच आहे.” त्याने कुलूप काढलं, पण दार ढकलायला पुढे झाला नाही. “लवकर आटपा. तुम्ही ठोकायला आलात ना? तुमचं तुम्ही ठोका. दुसरं कोणी ठोकलं तर... उत्तर देऊ नका.”

“उंदीर असतील.”

“असतील की. हातोडीवाले.”

आत जळक्या तेलाचा वास होता. त्याखाली भिजून सुकलेल्या सीटच्या स्पंजाचा, आणि त्याच्याही खाली आणखी एक, गोडसर, ज्याला नाव द्यायचं कानसेनने टाळलं. छताच्या पत्र्याला भोकं होती. त्यांतून उन्हाच्या काठ्या खाली टेकल्या होत्या आणि त्यांत धूळ फिरत होती. वारा नव्हता, तरी फिरत होती.

दोन डबे एकामागे एक उभे होते. तो भाऊजींच्या डब्याच्या पुढच्या टोकाशी गेला. दात तुटून गेले होते. मागच्या नळ्या जागच्या जागी होत्या. सरळ, राखाडी. रंगाचा टवकाही उडाला नव्हता आणि त्याने काढलेला खडूचा गोल कालच काढल्यासारखा दिसत होता. त्याला बरं वाटलं. बघा, नळ्या धडच आहेत.

त्याने हातोडी उचलून पहिल्या नळीवर मारली.

टण्ण.

देखणा आवाज. घंटेसारखा. तो विरायची वाट बघत तो कान देऊन उभा राहिला. विरला. मग डब्याच्या आतून आवाज आला.

थप् थप्... थप्.

दोन आणि एक.

कानसेनने हातोडी खाली घेतली. दारावर असं दोन आणि एक वाजवणारा एकच माणूस त्याला ठाऊक होता. घरात बेल असूनही भाऊजी बेल दाबायचे नाहीत. “बेल पाहुण्यांसाठी,” म्हणायचे.

“कोण आहे?” तो म्हणाला.

त्याने दुसरी नळी वाजवली, कारण काहीतरी करणं भाग होतं. टण्ण. आतून लगेच, थप् थप्... थप्. आता जरा लांबून. जसं कोणी आत चालत चालत ठोकतंय आणि मागे वळून बघतंय, हा येतोय का.

त्याने हातोडी या हातातून त्या हातात घेतली. दाराकडे बघितलं. पहारेकऱ्याची पाठ दिसत होती. निघून जाता आलं असतं, कागदावर सही बाहेरही झाली असती. पण पाय आत वळले.

फाटलेल्या दारातून तो डब्यात चढला. ऊन तिथे पोहोचत नव्हतं. सीटा एकमेकींत घुसल्या होत्या. छत चुरगळून खाली आलं होतं. खिडक्यांच्या चौकटी पिळलेल्या कपड्यासारख्या झाल्या होत्या. ठोका पुढे पडला, सीटच्या लोखंडावर. थप्. त्याने हात लावला. लोखंड दुमडलेलं होतं. मग हँडलच्या दांड्यावर. थप्. दांडा वाकलेला. मग पायाखालच्या पत्र्यावर, इतका जवळ की तळव्याला हादरा लागला. पत्रा मुडपलेला. एकेक वस्तू कोणी त्याला वाजवून दाखवत होतं. सावकाश. शिकवावं तसं.

शेवटी चालकाची केबिन. तिथे उभं राहायला जागाच उरली नव्हती. भाऊजी जिथे बसायचे तिथे आता वीतभर फट होती. ठोका त्या फटीतून आला.

थप् थप्...

तिसरा आला नाही. कानसेन वाट बघत राहिला. तिसरा येत नव्हता.

“भाऊजी...” तो म्हणाला. “नळ्या धड होत्या हो... मी वाजवल्या होत्या...”

बाहेर, खाली, ज्या नळीपाशी आता कोणीच नव्हतं, तिथून तिसरा ठोका पडला.

टण्ण.

आणि तेव्हा त्याला कळलं. केबिन चुरली होती. सीटा, छत, माणसं, सगळं चुरलं होतं. जी नळी चुरायलाच बसवली होती, तेवढी मात्र चुरली नव्हती. भाऊजी एकदा जेवताना चेष्टेत म्हणाले होते, “अरे कानसेन, चाक मोडू नये म्हणून वाजवतात. नळीचं काम मोडायचं असतं. ती आधी मोडली तर मी वाचणार. ती कशाला वाजवतोस?” तेव्हा सगळे हसले होते. तोही हसला होता.

मोडणारी नळी आतून खाचा पाडलेली, पातळ पत्र्याची असते. ती बसकीच वाजणार. थप्. अशा सगळ्या त्याने फुल्या मारून परत पाठवल्या होत्या. आणि कोणीतरी साधे पाण्याचे पाइप कापून, झाकणं लावून, राखाडी रंग फासून कारखान्याला विकले होते, ते घंटेसारखे वाजत होते. त्याने अकरा महिने निवडून निवडून तेच बसवले. धक्का नळीने गिळला नाही. तो दातांवर आला, दात तुटले, डबा चढला. त्याला सत्तरचा वेग लागलाच नव्हता.

तो खाली कसा उतरला ते त्याला आठवत नाही. दाराशी येऊन त्याने कागद काढला आणि पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं. प्रेस, गोल, फुल्या, खोट्या नोंदी. स्वतःचं नाव सगळ्यात वर. सही खाली.

पहारेकरी खडूच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या त्याच्या वरच्या खिशाकडे बघत होता. “आत एवढं काय लिहीत होता, साहेब?”

कानसेनने खिशात हात घातला. सकाळी घेतलेली खडूची नवी कांडी झिजून नखाएवढी उरली होती. त्याने आत एक रेघही ओढली नव्हती.

संध्याकाळी तो अक्काकडे गेला. तिने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“असं वाजवत जाऊ नकोस रे, बाळ्या... मला वाटलं...”

“मी बेल दाबली, अक्का.”

त्याने तिला काय लिहिलंय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझी नोकरी जाईल.” मग आधण ठेवत, “चहा घेशील?” या वेळी तिने तो गाळला.

नोकरी गेली. तीन दिवसांत गेली. इतक्या वेगाने कारखान्यात आजवर काहीच झालेलं नाही. पण अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंनी, त्याने स्वतः नेऊन दिलेला कागद दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला ताब्यात घेतला होता आणि डब्यांची कापणी तासभर आधी थांबवली होती. त्यांनी भाऊजींच्या डब्यातली एक नळी सगळ्यांदेखत यंत्रकरवतीने उभी चिरायला लावली. दोन्ही टोकांची झाकणं मूळ वेल्डची, न उघडलेली, असं वेल्डरने लिहून दिलं. भिंत जाड होती, खाच एकही नाही. पाण्याचा पाइप. चालकाचा वेग सत्तर होता, हे वाक्य अहवालातून वगळलं गेलं.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. नळीच्या आतल्या भिंतीवर, जिथे ती चिरेपर्यंत कोणाचा हात जाणं शक्य नव्हतं, तिथे पांढऱ्या खडूने ओळीत काढलेल्या फुल्या आढळल्या. बाईंनी स्वतः मोजल्या. वीस.

त्यावर बाईंनी रोज धावणाऱ्या एका डब्यातलीही नळी काढून आणवली. त्या डब्याला आजवर कसलाही अपघात झालेला नाही. नळी चिरली. तीही पाइप निघाली. तिच्या आत त्रेचाळीस फुल्या होत्या.

गोलाची खूण असलेल्या नळ्या अजून अडतीस डब्यांना आहेत. बदलीच्या नळ्या भांडारात नाहीत, म्हणून काढलेल्या नळीच्या जागी त्याच खेपेतली दुसरी बसवून तो डबा परत गाडीला जोडला गेला. आज सकाळी तो आठ वीसला वेळेवर सुटला. त्रेचाळीस हा आकडा कशाचा, हे विचारणारं बाईंचं पत्र मोठ्या साहेबांच्या कार्यालयात पोहोचलं आहे. पोहोचल्याची सही आहे. उत्तर आलेलं नाही.