दुसऱ्याच्या घराचा दगड

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, कल्याणीच्या बाबतीत खरोखर घडलंय. तेही भर उन्हात, मागच्या माघातल्या एका रविवारी. अंबडच्या पलीकडच्या एका काळ्या टेकडीवर.

टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

कल्याणी आणि तिचा नवरा पार्थ जालन्यात, मस्तगडला राहायचे. लग्नापासून भाड्याच्याच घरात. घरमालकीण भिंतीला खिळासुद्धा ठोकू द्यायची नाही. आपलं, हक्काचं घर... एवढं एकच कल्याणीच्या जिवाला लागून राहिलं होतं.

त्या दिवशी दोघं मोटरसायकलवर फिरायला निघाली. अंतरवाली सराटीत चहा घेतला. शहागडला गोदामाईचं पाणी डोळ्यांना लावलं. परतताना टेकडी चढली.

फार फार पूर्वी धरतीच्या पोटातला विस्तव वर आला आणि इथंच थिजला, म्हणतात. ते काळे दगडी खांब अजून एकमेकांना टेकून उभे आहेत, जागरणानं पाय अवघडलेल्या बायांसारखे.

वर माळावर दगडांची चिमुकली घरं दिसत होती. ज्याला घर हवं असतं, तो तिथं दगडावर दगड रचून जातो. आपल्याकडे बऱ्याच डोंगरांवर ही रीत आहे.

"रच बाई, रच," पार्थ हसला. "गाडी लावायला जागा ठेव फक्त!" आणि तो फोटो काढायला खालच्या अंगाला उतरला.

कल्याणीनं भिंती रचल्या. छपराला चपटा दगड काही मिळेना. शेजारी एक जुनं, पडकं घर होतं. त्याच्यावरचा दगड अगदी हवा तसा...

तिनं तो उचलून आपल्या घरावर ठेवला.

वारा पडला.

मघापासून ओरडणारी टिटवी गप्प झाली...

"तो माझा हाये, बाई."

मागं एक बाई उभी होती. विटकं हिरवं लुगडं. तापलेल्या कातळावर अनवाणी.

कल्याणी ओशाळली. "अहो मावशी, कुणी दिसलं नाही म्हणून घेतला. ठेवते परत."

"ऱ्हाऊ दे आता. पण मंग मी कुठं ऱ्हाऊ?"

आपण आल्यागेल्याला म्हणतो तसं कल्याणीही हसून म्हणाली, "या की आमच्याकडं! आपलंच घर समजा."

"बराबर?"

"बिलकुल!"

"कल्याणी, जल्दी चल! कुणाशी बोलून राह्यली?" खालून पार्थची हाक आली. ती क्षणभर वळली. परत पाहिलं...

नुसता काळा कातळ.

आणि पावसाळ्याच्या आत घर मिळालं! नव्या वसाहतीत, पुढं अंगण असलेलं. कल्याणी वेडी झाली आनंदानं. पहिल्याच दिवशी तिनं भिंतीला खिळा ठोकला.

सकाळी खिळा जमिनीवर होता.

पुन्हा ठोकला. पुन्हा जमिनीवर...

"भिंत कच्ची आहे गं," पार्थ म्हणाला.

घरात जातं नव्हतं. तरी दुपारी स्वयंपाकघरातून घरघर यायची... आणि त्या लयीत एक दबका आवाज.

*माझ्या गं घराचं, दार उगवतीला*
*येऊ दे सूर्याला, पहिल्या भेटीला...*

कल्याणी एकटीच टेकडीवर गेली. बाईचा दगड बाईला द्यायला. कल्याणीनं रचलेलं घर होतं तसंच होतं. शेजारचं पडकं मात्र... एक दगड शिल्लक नाही. कुणी बिऱ्हाड उचलून निघून जावं तसं.

मग श्रावणातली ती दुपार.

पार्थ कामावर. कल्याणी बँकेतून लवकर आली. स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. दार ढकललं...

आतून कडी.

तिनं दार वाजवलं. आत पावलं वाजली. सावकाश दारापाशी आली... थांबली.

"कोण हाये?"

"मी... कल्याणी."

मग अगदी मायेनं...

"कोण कल्याणी?"

संध्याकाळी पार्थ आला, तेव्हा ती पायरीवर बसून होती. मागं दार सताड उघडं.

पार्थ म्हणतो, विकून टाकू. कल्याणी मानत नाही. "इतक्या वर्षांनी मिळालंय. सोडून जाऊ कुठं?"

परवा मी तिच्याकडे गेले होते. उन्हातून आलेली, तहानलेली. कल्याणीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. आधी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. थांबली... मग बाजूला सरकली.

कुणाला विचारलंस, असं मी विचारलं नाही.

पाणीसुद्धा न पिता निघाले.